सिलिकॉन फासण्याआधी

पाऊस पुरता मुरला की या सदराकडे एक तक्रार हमखास येते. पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं होतंय, गाडीत कुबट वास भरलाय आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘काचेला कडेनं सिलिकॉन मारून देतो, काम फत्ते.’ माझं उत्तर दर वर्षी तेच असतं: मारू देऊ नका. पाणी नेमकं कुठून आत येतंय, हे त्यानं तुमच्या डोळ्यांसमोर दाखवल्याशिवाय तर मुळीच नाही.

सिलिकॉनची ही सवय जुन्या गाड्यांपासून चालत आली आहे. पद्मिनी, ॲम्बेसेडर, ओम्नी यांची पुढची काच रबरात बसायची. रबराच्या खाचेत दोरी घालायची, बाहेरून एकानं काच दाबायची, आतून दुसऱ्यानं दोरी ओढत रबर पत्र्यावर चढवायचं. गळती लागली तर रबराच्या ओठाखाली न सुकणारं सीलर भरलं की भागायचं, आणि ते योग्यच होतं. आजच्या गाडीची काच मात्र पॉलियुरेथेननं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘पीयू’नं, थेट पत्र्याला चिकटवलेली असते. गाडी उलटली तर छप्पर तोलून धरण्यात तिचा वाटा असतो. बऱ्याच गाड्यांत डावीकडची एअरबॅग फुगते तेव्हा काचेचा आधार घेऊनच ती प्रवाशापुढे उभी राहते. म्हणून काचेच्या कडेनं पाणी आत येत असेल तर प्रश्न कार्पेटपुरता उरत नाही. तेवढ्या जागी काचेची पकडच नाही, असा त्याचा अर्थ आहे.

वरून सिलिकॉन फासलं की ही पकड येत नाही, फक्त फट झाकली जाते. बाजारात मिळणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास ॲसेटिक आम्लाचा असतो आणि उघड्या पत्र्याला ते गंजवतं. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉनचा पातळ थर मागे राहिला तर त्यावर पीयू धरत नाही. आज वाचवलेले पैसे उद्या योग्य दुरुस्ती करणाऱ्याच्या वाटेत आडवे येतात.

मुळात पाणी काचेतूनच येतंय का, हे आधी बघा. उन्हाच्या दिवशी एसी चालवल्यावर डाव्या बाजूचं कार्पेट ओलं होत असेल तर बहुधा एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला आहे. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची बारीक पानं साचली की तिथल्या पाण्याची वाट बंद होते आणि ते आत वळतं. सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या काचेशेजारच्या खांबातूनच खाली उतरतात. दोष त्यांचा असतो आणि बदलली जाते काच.

ओळखीच्या एकांची गाडी आंबोलीच्या पावसातून परतली तेव्हा डॅशबोर्डखाली फ्यूजबॉक्सजवळ पाणी होतं. काच काही महिन्यांपूर्वीच बदललेली. दोन ठिकाणी खालच्या कोपऱ्याला सिलिकॉन मारून झालं होतं, कारण पाणी खाली दिसत होतं. कौलारू घरात पाणी एका कौलातून शिरतं, वाशावरून घरंगळत जातं आणि भलतीकडेच ठिबकतं. इथेही तेच चाललं होतं. खांबावरचं प्लास्टिक काढलं, मी टॉर्च घेऊन आत बसलो आणि मेस्त्रींनी बाहेरून साधा पाइप धरला. जोराची धार नको, नुसतं वाहतं पाणी, आणि सुरुवात खालून. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. खालची कड कोरडी, मधला भाग कोरडा. पाइप छताजवळच्या कोपऱ्यात पोचला आणि थोड्या वेळानं वायरिंगच्या जुडग्यावरून एक थेंब सरकत खाली आला व प्लगच्या टोकाला लोंबकळला.

काच कापून काढल्यावर कारण हाताला लागलं. पीयूची पट्टी जिथून सुरू झाली आणि जिथे संपली ती दोन टोकं एकमेकांवर चढवलेलीच नव्हती. मध्ये बोटभर जागा मोकळी होती. शेजारी पत्र्यावर सुरीचा ओरखडा, त्यावर प्रायमर नाही, तांबूस गंज धरलेला.

अशा फटीतून पाण्यासारखीच वाऱ्याची शिट्टीही येऊ शकते. गावात पन्नासच्या वेगाला ती ऐकूच येत नाही. वाऱ्याच्या आवाजाची ताकद ढोबळमानानं वेगाच्या पाचव्या-सहाव्या घातानं वाढते, त्यामुळे मुंबई-पुणे द्रुतगतीवर १०० किंवा समृद्धीवर १२० ला पोचलात की कान किटतात. तपासणी सोपी आहे. काचेच्या सगळ्या कडेला मास्किंग टेप लावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं गाडी न्या. आवाज थांबला तर दोष काचेच्या कडेला. मग एकेक तुकडा काढत जा. थांबला नाही तर आरसा, दाराचं रबर, कॅरियर यांच्याकडे वळा.

योग्य काम म्हणजे जुन्या पीयूचा एक-दोन मिलिमीटरचा थर पत्र्यावर ठेवून बाकीचा कापणं, ओरखड्यांना प्रायमर लावणं आणि नवी पट्टी सलग, टोकावर टोक चढवून भरणं. पावसाळ्यात हे करू नये हा समज चुकीचा आहे. पीयू हवेतल्या ओलाव्यानंच पक्कं होतं. चिकटवायचा पृष्ठभाग तेवढा कोरडा हवा आणि डोक्यावर छप्पर हवं. पहिला दिवसभर एक खिडकी थोडी उघडी ठेवा, कारण बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा ओल्या पट्टीला बाहेर ढकलते. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत त्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं.

विम्याच्या दाव्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, त्यामुळे काच बदलायला कोणी का-कू करत नाही. घाई होते ती बसवताना. संध्याकाळी गाडी हवी म्हणून आपणच मागे लागतो आणि मेस्त्रीही देऊन टाकतो. म्हणून गाडी सोडतानाच तीन गोष्टी विचारा: कोणतं पीयू वापरणार, त्याची मुदत कधी संपते आणि ते लावल्यावर गाडी किती तासांनी हलवायची. तिन्ही उत्तरं बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो तयार नसेल त्याच्याकडे काच बसवू नका.