गाडीविना बोरिवलीचे जंगल

बोरिवली स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे दार आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, बिबट्यांचा वावर असलेले जंगल लोकलच्या तिकिटात गाठता यावे, हे मुंबईकरांचे भाग्यच. मग आतही मोटारीचा हट्ट कशाला? दारापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. हे अंतर पायी किंवा भाड्याच्या सायकलीने कापताना ओढ्याचा आवाज आणि पाखरांची हाक कानी येते. बंद काचांआड दोन्ही हरवतात. शिवाय मोटारींचा गोंगाट जनावरांनाही बुजवतो.

वृद्धांनी, अपंगांनी, लहान मुलांच्या आयांनी काय करायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर खासगी मोटार नव्हे, नेमाने धावणारी बस आहे. अमेरिकेतील झायन उद्यानाने २००० साली दरीतल्या रस्त्यावर गर्दीच्या मोसमात खासगी गाड्या थांबवून बस सुरू केल्या, आणि त्या आजही चालतात. बिबट्याची भीती? दिवसाउजेडी मुख्य रस्त्याने, सोबतीने चालावे. आडवाटांवर वनविभागाच्या परवानगीने, वाटाड्यासह जावे. बस वेळेवर असेल, हे मात्र प्रशासनालाच पाहावे लागेल.