फ्रेंच प्रश्नचिन्ह जरा लांब का उभं?

दोस्तांनो, खालच्या दोन ओळी नीट बघा आणि फरक शोधा.

"बंडू, कुठे चाललास?"
« बंडू, कुठे चाललास ? »

शब्द तेच, प्रश्नही तोच. पण दुसऱ्या ओळीतलं प्रश्नचिन्ह बंडूवर रुसल्यासारखं थोडं लांब उभं आहे. अवतरणचिन्हंही बाणांच्या टोकांसारखी, आणि त्यांच्या आतल्या बाजूला मोकळी जागा! ही ओळ मराठीच आहे, फक्त तिने फ्रेंच पोशाख घातलाय.

इंग्रजीत पूर्णविराम असो की प्रश्नचिन्ह, ते आधीच्या शब्दाला चिकटूनच बसतं. फ्रान्समध्ये मात्र नियम वेगळा. तिथल्या मुलांना तो सोपा करून शिकवतात : चिन्हाचे तुकडे मोजा! पूर्णविराम आणि स्वल्पविराम एकाच तुकड्याचे, ते शब्दाला चिकटतात. अर्धविराम, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही दोन तुकड्यांची. त्यांच्या आधीही जागा आणि नंतरही जागा. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात फ्रेंचच बोलतात, पण तिथे प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह सहसा चिकटवूनच लिहितात.

ही जागा आली कुठून? पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवत. जागा सोडायची तर मध्ये कोरा तुकडा घालायचा. तो खिळ्यांपेक्षा बुटका, म्हणून त्याला शाई लागत नसे. जुन्या इंग्रजी पुस्तकांतही प्रश्नचिन्हाआधी असा पातळ तुकडा घातलेला दिसतो! पुढे इंग्रजीने ती पद्धत सोडली, फ्रेंचांनी जपली.

आणि आपलं काय? मोडीत तर दोन शब्दांमध्येसुद्धा जागा सोडत नसत. मराठीत विरामचिन्हं रुजवली मेजर थॉमस कँडी यांनी. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचं पुस्तक १८५० सालचं. चिन्हं इंग्रजीतून आली, म्हणून आपलं प्रश्नचिन्हही शब्दाला बिलगून असतं.

'एवढ्याशा जागेने काय बिघडतं?' असं म्हणाल, तर हे ऐका. फ्रान्समधल्या दुकानात बटाट्यांच्या पुडीवर '१,२५० किलो' असं लिहिलं असेल, तर घाबरू नका. ते फक्त सव्वा किलो! तिथे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. एक हजार दोनशे पन्नास लिहायचे तर '१ २५०', मध्ये नुसती जागा.

कॉम्प्युटरवरही गंमत होते. प्रश्नचिन्हाआधी साधी जागा सोडली, तर ओळ नेमकी तिथेच तुटू शकते आणि बिचारं प्रश्नचिन्ह पुढच्या ओळीत एकटंच जाऊन बसतं. म्हणून तिथे 'न तुटणारी' खास जागा वापरतात.

तेव्हा आई-बाबा, तुमची मुलं शाळेत फ्रेंच शिकत असतील आणि त्यांच्या वहीत असं लांब उभं प्रश्नचिन्ह दिसलं, तर लगेच लाल पेन उचलू नका. फ्रेंचच्या वहीत ते बरोबर आहे. इंग्रजीच्या वहीत मात्र खुशाल गोल करा!

आता तुमची पाळी. ही ओळ फ्रान्सच्या पद्धतीने लिहा, आणि किती ठिकाणी नवी जागा सोडावी लागली ते मोजा :
अरे वा! किती वाजले? लवकर चल, बंडू, गाडी सुटेल.

(उत्तर : दोन ठिकाणी. स्वल्पविराम आणि पूर्णविराम जिथल्या तिथे!)