पोचा, पुट्टी आणि मजुरी

११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांना गारपिटीने झोडपून काढले. रब्बीची उभी पिके आडवी झाली. त्या हानीपुढे मोटारींच्या टपांवर पडलेले पोचे ही क्षुल्लक बाब होय, आणि पंचनामे पिकांचे व्हावेत, मोटारींचे नव्हे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि एका निराळ्या आर्थिक प्रश्नाकडे पाहण्यास हे पोचे फार उपयोगी आहेत. गार पत्र्यावर आदळते तेव्हा पत्रा दबतो. त्यावरचा रंग मात्र पुष्कळदा फुटत नाही. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत खेटून उभ्या राहिलेल्या गाड्यांची दारे एकमेकांवर आपटतात तेव्हाही असेच घडते. म्हणजे बिघाड असतो तो पत्र्याच्या आकारात. रंग शाबूत असतो.

अशी गाडी दुरुस्तीला गेली की काय होते, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहता येते. डेंटर पत्रा ठोकून किंवा ओढून साधारण वर आणतो. उरलेल्या खळग्यात पुट्टी भरली जाते. ती वाळली की घासायची, त्यावर प्राइमर, पुन्हा घासणी, मग रंग आणि शेवटी लॅकर. नवा रंग जुन्याशी जुळावा म्हणून बोटभर पोच्यापायी अख्खा दरवाजा रंगवावा लागतो. यात चमत्कारिक गोष्ट अशी की, जे शाबूत होते तेच प्रथम खरवडून टाकले जाते.

दुसरीही एक रीत आहे. लांब, टोकाशी वाकवलेल्या पोलादी सळया दाराच्या वा बॉनेटच्या आतल्या पोकळीतून पोच्याच्या पाठीमागे न्यायच्या आणि आतून अगदी हलका दाब देत, पत्रा केसाकेसाने मूळ जागी सरकवायचा. जेथे मागून हात पोचत नाही तेथे बाहेरून सरसाने छोटी कळ चिकटवून पत्रा ओढून घेतात. कारागिराची नजर पत्र्यावर नसतेच. ती असते पत्र्यात पडलेल्या दिव्याच्या पट्ट्यांच्या प्रतिबिंबावर. पट्टी वाकडी दिसली की पत्रा अजून वाकडा आहे; सरळ झाली की काम संपले. जास्त दाब पडला तर आतून टेंगूळ येते आणि ते पुन्हा वरून बसवावे लागते. पुट्टी नाही, रंग नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. पूर्वी तांबट आणि कासार घागरी-हंड्यांचे पोचे काढून देत, त्याच विद्येची ही धाकटी बहीण म्हणावी लागेल. फरक इतकाच की तांब्यावर रंगाचा पापुद्रा जपायचा नव्हता.

हा पापुद्रा जपण्याजोगा का, हेही पाहिले पाहिजे. मोटारीचा पत्रा मुळात पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड, आणि त्यावरचे रंगाचे सर्व थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या घरातले. परंतु कारखान्यात नुसता सांगाडा द्रावणाच्या हौदात बुडवून, विजेच्या साहाय्याने पहिला थर कोनाकोपऱ्यांत बसवला जातो आणि दीडशे अंशांहून अधिक उष्णतेच्या भट्टीत भाजला जातो. एकदा गाडीत तारा, रबर, प्लॅस्टिक बसले की तेवढी उष्णता तिला पुन्हा कधीच देता येत नाही. म्हणून गॅरेजमधला रंग कितीही कुशलतेने दिलेला असो, तो कारखान्यातल्या रंगाची बरोबरी करीत नाही. पुट्टी जाड असली की काही वर्षांनी ती भेगाळते आणि तिच्याखाली गंज धरतो.

जुन्या गाडीच्या खरेदीदाराला हे ठाऊक असते. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र पत्र्यावर टेकवले की कोणता भाग पुन्हा रंगवला आहे ते तत्काळ कळते. आता, तो भाग रंगवला तो यात्रेतल्या किरकोळ पोच्यामुळे की मोठ्या अपघातामुळे, हे यंत्र सांगत नाही. खरेदीदार साहजिकच वाईटाची कल्पना करून किंमत पाडतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले होते की, मालाची खरी स्थिती विकणाऱ्यालाच माहीत असेल तर चांगल्या मालालाही वाईट मालाचा भाव येतो. त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो याच विचारधारेसाठी. मूळ रंग टिकवणारी दुरुस्ती ही त्या अर्थाने गाडीच्या चारित्र्याचा दाखला जपून ठेवते.

इतके सरळ असता ही रीत सर्वत्र का रूढ होत नाही? उत्तर बिलाच्या कागदात आहे. आपल्याकडे बिल मांडले जाते ते जिनसांचे: पुट्टी इतकी, रंग इतका, लॅकर इतके, आणि सर्वांत खाली मजुरी. जिनसांवर दुकानदाराला नफा मिळतो आणि गिऱ्हाइकालाही जिनसांचे पैसे देताना काही वाटत नाही. ज्या कामात एकही जिन्नस वापरला गेला नाही त्याचे दीड हजार रुपये मागितले की तेच गिऱ्हाईक म्हणते, ‘तासाभराचे तर काम, आणि लावले काय तुम्ही?’ काही लावले नाही, हेच त्या कामाचे मोल आहे, ही गोष्ट समजावून सांगणे कठीण. शिकवणीच्या तासाला पैसे मोजणारा सुशिक्षित वर्गही येथे घासाघीस करतो.

विम्याची रचनाही येथे विचारात घ्यावी लागते. मोटार विम्याच्या नेहमीच्या करारानुसार रंगकामातील मालाच्या खर्चातून निम्मी घट कापली जाते, आणि रंगकामाचे बिल एकत्रित असेल तर त्याचा चौथा हिस्सा माल धरतात. मजुरीवर अशी घट लागत नाही. म्हणजे निव्वळ मजुरीचे काम विमेदाराच्या फायद्याचे ठरावयास हवे. पण लहान पोच्याचा दावा करणेच मुळात तोट्याचे असते. समजा, एखाद्या शिक्षकाच्या १,२०० सीसीच्या गाडीला स्वतःच्या नुकसानीपोटीचा हप्ता, सवलतीपूर्वी, ८,००० रुपये आहे. तीन वर्षे दावा न केल्याने त्यास ३५ टक्के सवलत मिळते. पुढील वर्षी ती ४५ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये होणार. त्याने ४,००० रुपयांचा दावा केला तर सक्तीची १,००० रुपयांची वजावट जाऊन हाती फार तर ३,००० येतील आणि सवलत शून्यावर येईल. सवलतीचे रक्षण करणारी जोडकलमे मिळतात, पण त्यांचाही हप्ता असतो. परिणामी लोक पोचे साठवत राहतात आणि मोठी टक्कर झाली की सगळे एकदम त्याच दाव्यात दाखवतात. यात थोडी लबाडी आहेच. परंतु सचोटीला तोटा आणि लबाडीला नफा अशी मांडणी असेल तर नुसत्या उपदेशाने काय साधणार? जर्मनी आणि अमेरिकेत गारपिटीनंतर विमा कंपन्या स्वतःच या बिनरंगी दुरुस्तीचा मोठ्या प्रमाणावर अवलंब करतात, कारण तीत त्यांचा खर्च वाचतो. आपल्याकडील कंपन्यांनी या कामाचे पोच्याच्या आकारानुसार दर ठरवून ते उघडपणे जाहीर केले तर गिऱ्हाइकाची घासाघीसही बरीच थांबेल.

वाशीमसारख्या जिल्ह्याला या प्रश्नात अधिक रस असला पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. सोयाबीन आणि तूर यांपलीकडे त्याला मोठा आधार नाही. मोठे कारखाने नाहीत. मालेगाव, मंगरूळपीर व कारंजा या तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. महामार्ग जिल्ह्यातून जातो; पैसाही तसाच जिल्ह्यातून जातो की जिल्ह्यात थांबतो, हा खरा प्रश्न. रंगाचा डबा, लॅकर, थिनर, नवा दरवाजा, यांपैकी काहीही वाशीमला तयार होत नाही. त्यांवर खर्च झालेल्या रुपयातून येथे उरते ते दुकानदाराचे अडत-कमिशन. सळईने पोचा काढणाऱ्याची मजुरी मात्र बहुतांशी येथल्याच किराणा दुकानात आणि शाळेच्या फीमध्ये खर्च होते. भांडवल दुर्मीळ आणि माणसे विपुल असलेल्या प्रदेशाने कोणती तंत्रे निवडावीत, यावर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत. येथे ते तंत्र एका पिशवीत मावते.

आरोग्याची बाजू तर कोणी विचारातच घेत नाही. आधुनिक मोटाररंगांच्या कठिणकारकांत आयसोसायनेट नावाची रसायने असतात आणि फवारणी करणाऱ्या कामगारांत व्यवसायजन्य दम्याचे ते एक प्रमुख कारण आहे. हवा पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त फवारणीगृह हवे तेथे आपल्याकडचा विशीतला पोरगा तोंडाला रुमाल बांधून काम करतो. त्याच्या फुफ्फुसांचा खर्च कोणत्याच बिलात येत नाही. जेवढे पोचे रंगाविना निघतील तेवढी फवारणी कमी होईल.

अर्थात ही विद्या सर्व रोगांवरचे औषध नव्हे. रंग तडकला असेल, पत्रा धारदार घडी पडून ताणला गेला असेल, पोचा अगदी कडेला असेल, किंवा तेथे पूर्वीच पुट्टी भरलेली असेल, तर सळई उपयोगी पडत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरची गोष्ट निराळीच. शिवाय हात बसायला महिने नव्हे, वर्षे लागतात. पंधरा दिवसांत प्रमाणपत्र देणारे वर्ग निघाले तर ते पत्र्यांचे नुकसान करणारे कारागीर तेवढे निर्माण करतील.

येथेच शासनाच्या धोरणातील उणीव दिसते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. लोहार आहे, कुलूप बनविणारा आहे, हातोडी व अवजारे घडविणारा आहे. हातोडी चालवून मोटारीचा पत्रा सरळ करणारा नाही. त्या योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख, नंतर दोन लाखांचे कर्ज मिळते. डेंटरच्या गरजेला हे माप तंतोतंत बसणारे आहे, पण परंपरागत कारागिरांच्या व्याख्येत तो बसत नाही आणि कारखानदाराच्या व्याख्येतही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत मोटारीही घेतल्या. तो प्रयत्न स्वागतार्ह आहे. मात्र त्याचा भर सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळण्यावर आहे. ती मिळाल्यावर दुरुस्ती करणारा हात कोठून यायचा, हा प्रश्न तेथे सुटलेला नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी मोटारीच्या सांगाड्याच्या दुरुस्तीचा स्वतंत्र अभ्यासक्रम देशात मंजूर आहे. वाशीमच्या संस्थेत त्याला जोडून, जुन्या डेंटरांनाच शिक्षक नेमून, संध्याकाळचा वर्ग चालविण्यास मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. गॅरेजमध्ये दिवसभर काम करणाऱ्या मुलांना संध्याकाळचीच वेळ सोयीची. शिकणाऱ्याला लागतात सळया, एक लांब दिवा, आणि सरावासाठी भंगारातले दरवाजे. असे दरवाजे भंगारवाल्याकडे वजनावर मिळतात. त्यांवर मुद्दाम पोचे पाडून ते काढावेत, पुन्हा पाडावेत. एका दरवाजावर दहा मुले महिनाभर हात बसवू शकतील, आणि महिन्याअखेरीस तो दरवाजा त्याच वजनाने भंगारात परत जाईल.