निर्माल्याची जागा

गणेशचतुर्थीचे मखर सजते, त्याच वेळी घरातील वडीलधारी स्त्री निर्माल्याच्या परडीचीही जागा ठरविते. उतरलेली फुले, दूर्वा, पत्री उष्ट्या-खरकट्यात कधी मिसळत नाहीत. घराला असलेली ही दृष्टी नगराला का नसावी?

आपल्या पूर्वसूरींस ती होती. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरबांधणीचे नियम सांगताना उकिरडा आणि सांडपाण्याची वाट यांच्या जागांचाही विचार केला आहे. दुसऱ्या अधिकरणात रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास पणाचा अष्टमांश दंड आहे, राजमार्गावर दुप्पट. तात्पर्य, केर हा नगररचनेचाच विषय होय. मागाहून करावयाची उस्तवार नव्हे.

आणि आज? पुण्याचा कचरा अनेक दशके उरुळी देवाची व फुरसुंगी येथे नेऊन टाकला गेला. तेथील विहिरींचे पाणी नासले, ग्रामस्थांस आंदोलने करावी लागली. नगराच्या आराखड्यात मंदिराला, मंडईला, उद्यानाला जागा आणि कचऱ्याला मात्र दुसऱ्याचे गाव! यास आम्ही अधर्मच म्हणू.

त्याच पुण्याने दुसरी वाटही दाखविली. तेथे १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि २००८ साली 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार ओला व सुका कचरा वेगळा उचलण्यास आरंभ केला. ओल्याचे खत होते. सुक्यातील कागद, पत्रा, प्लास्टिक पुन्हा कारखान्यात जाते. परंतु निवडण्यास व साठविण्यास वस्तीतच जागा हवी. ती नसेल तर हे कष्टकरी पदपथावर, उन्हापावसात कचरा निवडीत बसणार.

'आमच्या दाराशी नको' हा आक्षेप आम्ही जाणतो. मात्र दुर्गंधी सुटते ती मुख्यतः सारे एकत्र कोंबून कुजविल्याने. घरोघरी वेगळा ठेवलेला आणि रोज उचललेला कचरा शेजाऱ्यास पीडा देत नाही.

म्हणून भाविकांस आमचे सांगणे एवढेच. यंदा निर्माल्य नदीत न सोडता खतासाठी द्यावेच. पण तेथे थांबू नये. शहराचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा आपल्या प्रभागात खताची व निवडीची जागा दाखविली आहे का, हे पाहावे. नसेल तर त्याविरुद्ध हरकत नोंदवावी. ज्या नगरात निर्माल्याला जागा नाही, तेथे मखर कितीही सजले तरी पूजा अपुरीच राहते.