पाऊण बाजूचा जुलूम

रेल्वेच्या हौशी छायाचित्रांची स्पर्धा असली की निकालासाठी निकालपत्राची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. इंजिन पाऊण बाजूने आपल्याकडे येते आहे, त्याच्या तोंडावर आणि कुशीवर सारखेच ऊन पडले आहे, मागे डब्यांची रांग वळणावर डौलात वाकली आहे. चौकटीत खांब नाही, कचरा नाही आणि मुख्य म्हणजे माणूस नाही. हे छायाचित्र पहिले. दुसरे आणि तिसरे म्हणजे याचीच किंचित उणी आवृत्ती. आमचा आक्षेप या छायाचित्रांवर नाही. ती पुष्कळदा देखणी असतात. आक्षेप आहे तो त्यांना मोजणाऱ्या फूटपट्टीवर आणि ती फूटपट्टी जणू निसर्गनियमच आहे अशा थाटात वापरणाऱ्या परीक्षकांवर.

ही फूटपट्टी आली कुठून? अमेरिकेत ल्यूशियस बीब या षौकीन पत्रकाराने १९३८ साली ‘हाय आयर्न’ हे पुस्तक काढले आणि धावत्या गाडीचे छायाचित्र कसे असावे याचा एक नमुनाच रूढ केला. इंजिन पाऊण बाजूने दिसावे, धुराचा लोट भरघोस असावा, चाकांना जोडणारा दांडा खालच्या स्थितीत असावा, म्हणजे चाके झाकली जात नाहीत. ब्रिटनमध्येही साधारण हाच पाठ गिरवला जात होता. त्यामागे कारण होते, हे मान्य केले पाहिजे. त्या काळच्या फिल्मचा वेग मंद. आडव्या धावणाऱ्या गाडीचे चित्र फरफटे, तिरकी समोर येणारी गाडी त्या मानाने स्थिर उमटे. म्हणजे मूळची ही सौंदर्यदृष्टी नव्हे, अडचणीवर काढलेली तोड होती. आज डब्ल्यूएपी-७ इंजिनाला धूर नाही, दांडा नाही आणि कॅमेऱ्याला मंद फिल्मचा जाच नाही. कारणे गेली, नियम तेवढा मागे राहिला.

बरे, हा नियम उत्तरेकडच्या देशांतला. ‘सूर्य फार वर आहे’ असा शेरा मारून चित्र बाद करणाऱ्या परीक्षकांनी आपण कोणत्या अक्षांशावर बसलो आहोत, याचा विचार केला आहे काय? मुंबई-पुण्यात मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस असे वर्षातून दोनदा सूर्य ठीक डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळकरी मुलेही तो साजरा करतात. मधल्या काळात तर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. लंडनला माध्यान्हीचा सूर्य असा डोक्यावर कधीच येत नाही. तिथल्या तिरप्या उन्हाचे मोजमाप इथल्या दुपारला लावणे म्हणजे भाकरीला पावाच्या लादीचे निकष लावण्यासारखे आहे. आणि पावसाळ्याचे काय? चार महिने सह्याद्रीत ऊन नसते; पण बोरघाट सर्वांत अधिक बोरघाट असतो तो याच चार महिन्यांत. धुक्यातून फक्त दोन दिवे दिसत आहेत, अशा चित्राला ‘तपशील अपुरा’ म्हणणाऱ्याने घाट पाहिलाच नाही, असे आम्ही खुशाल म्हणू.

पाऊण बाजूच्या हट्टाने घाटात आणखी एक गंमत होते. कर्जत ते लोणावळा चढ ३७ फुटांना १ फूट. म्हणून कर्जतला अनेक गाड्यांच्या पाठीमागे जादा इंजिने लागतात आणि गाडी वर ढकलतात. घाटातली खरी मेहनत गाडीच्या शेपटाला चाललेली असते. परंतु शेपटाचे चित्र ‘निघून जाणारी गाडी’ म्हणून गुणांत मागे पडते, आणि मान पटकावते पुढचे इंजिन. ज्या मापाने बोरघाटातील मुख्य घटनाच चौकटीबाहेर जाते, त्या मापाने बोरघाटाची चित्रे तोलायची तरी कशाला?

हे बंड आम्ही प्रथम करतो आहोत, असा आव नाही. इंग्लंडात कॉलिन गिफर्ड यांनी १९६५च्या ‘डिक्लाइन ऑफ स्टीम’मध्ये हा साचा मोडलाच होता. त्यांच्या चित्रांत इंजिन कधी लहानसे, कोपऱ्यात. भोवती चाळीवजा घरे, गिरण्यांची धुराडी, फलाटावर ताटकळणारी माणसे. साठ वर्षे उलटली, तरी आमच्या परीक्षकांपर्यंत ती बातमी पोहोचलेली दिसत नाही.

इथवरचा वाद आवडीनिवडीचा म्हणून कोणी सोडून देईल. पुढला मात्र तसा नाही. कोकण रेल्वेचा सलग मार्ग १९९८ साली सुरू झाला आणि तिचे विद्युतीकरण २०२२ साली पुरे झाले. त्या मधल्या चोवीस वर्षांत पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल तारांविना दिसत असे. आता त्यावर खांब आणि तारा आल्या. ‘तारांनी दृश्य बिघडते’ असे परीक्षक म्हणतात. मग स्पर्धक काय करणार? संगणकावर तारा पुसणार. आता तर हे काम यंत्र क्षणार्धात करते, आणि हवा तो ढगही भरून देते. असे २०२३चे चित्र वीस वर्षांनी कोणाच्या हाती पडले, तर ते साक्ष देईल की या सालीही पुलावर तारा नव्हत्या. याला आम्ही सुशोभन म्हणत नाही. ही खोटी साक्ष आहे, आणि तिला बक्षीस देणारा परीक्षक तिचा भागीदार आहे.

येथे हमखास ओ. विन्स्टन लिंक यांचे नाव पुढे केले जाते. त्यांनी १९५६ साली वेस्ट व्हर्जिनियात टिपलेल्या त्या विख्यात रात्रीच्या चित्रात उघड्यावरच्या सिनेमागृहाच्या पडद्यावरील विमान नंतर डार्करूममध्ये बसवलेले आहे, हे खरे. पण लखलखाटात पडदा पांढरा पडला होता म्हणून ते बसवावे लागले, आणि ही गोष्ट सर्वज्ञात आहे. शिवाय लिंक हे व्यावसायिक. त्यांची दृश्ये रचलेली असत आणि तसे ते सांगतही. न सांगता पुसणे आणि सांगून रचणे यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याने परीक्षकाच्या खुर्चीत बसू नये.

याच्या उलट टोकाला एक भली मंडळी आहेत. हौस आहे, आनंद घ्यावा, तुलना करूच नये, असे त्यांचे म्हणणे. हे औदार्य आम्हाला मान्य नाही. तुलना न करणे म्हणजे नीट न पाहणे. प्रश्न कशाची कशाशी, इतकाच आहे. महागडी दूरभिंग घेऊन दूधसागरला गेलेल्याचे चित्र आणि रोज तोच रूळ तपासत चालणाऱ्या की-मनने मोबाइलवर टिपलेले चित्र एका रांगेत लावून ‘तीक्ष्णता’ मोजणे निरर्थक आहे. पण ठाकूरवाडीच्या एकाच वळणाची दोन वेगळ्या सालांतली चित्रे शेजारी ठेवा: इंजिन बदलले, रंग बदलला, दरडीला जाळी आली, झाडी वाढली किंवा गेली. अशी तुलना काही शिकवते. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी वाट या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने रुंद झाली. कोणाच्या घरी तिच्या टपावर बसलेल्या वारकऱ्यांचा हललेला, डाग पडलेला एखादा फोटो असेल, तर तो शंभर चकचकीत पाऊण बाजूंहून अधिक मोलाचा आहे. अट एकच, की मागे स्थळ आणि तारीख लिहिलेली असावी. आमच्या मते गुणांतला पहिला हिस्सा या ओळीलाच मिळावा. इंजिनाचा क्रमांक, गाडीचे नाव, ठिकाण, दिवस, वेळ. ज्याला हे सांगता येत नाही, त्याने गाडी पाहिलेली नाही, रंग पाहिला आहे.

एक बाब राहिली, आणि तिच्यात आम्ही तडजोड करणार नाही. छायाचित्र कुठे उभे राहून घेतले, हे परीक्षकांनी विचारलेच पाहिजे. एरिक ट्रेसी हे इंग्लंडातले पाद्री, पुढे वेकफील्डचे बिशप झाले, आणि हौशी रेल्वे-छायाचित्रकारांत त्यांचे नाव मोठे. ते रुळाकाठी जात ते परवाना घेऊन. आपल्याकडे १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७नुसार विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. तरीही दोन रुळांच्या मध्ये बसून, येणाऱ्या इंजिनाच्या डोळ्यांत डोळे घालून काढलेल्या चित्रांना ‘धाडसी दृष्टिकोन’ म्हणून शाबासकी मिळते. त्या इंजिनात चालक असतो. रुळांत बसलेला माणूस पाहून त्याच्या छातीत काय होत असेल, हे गुणपत्रिकेत कुठल्या रकान्यात येते? अशी चित्रे गुण न देता परत पाठवावीत, आणि परत पाठवण्याचे कारण जाहीर लावावे. हे नियमावलीत लेखी येईपर्यंत आम्ही आमच्यापैकी कोणाचेही छायाचित्र अशा स्पर्धेला देणार नाही, आणि परीक्षक म्हणून बोलावणे आले तर जाणार नाही.