चुरस असावी, वैर नसावे

कोल्हापुरास फुटबॉलचा अंतिम सामना असला म्हणजे राजर्षी शाहू स्टेडियमकडे लोटणारा जनसमुदाय पाहून नवख्या माणसास वाटावे, दोन राज्यांची सैन्येच समोरासमोर ठाकली आहेत. वस्तुतः दोन्ही संघ एकाच शहराचे! पाटाकडील तालीम मंडळ मंगळवार पेठेचे, शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेचे; आणि या पेठा तर एकमेकींस लागून. ज्या तालमींनी मल्ल घडविले, त्यांच्या नावाने आज तरुण फुटबॉल खेळतात, ही गोष्ट आम्हांस अभिमानास्पद वाटते.

परंतु याच मैदानावर हुल्लड व दगडफेक यांचेही प्रसंग घडले आहेत, हे लपवून काय उपयोग? या तालमींकडून परदेशी खेळाडूही खेळले आहेत. दूर देशाहून आलेल्या तरुणास जी पेठ आपला म्हणते, तिनेच शेजारच्या पेठेतील पोरास शत्रू लेखावे, यापरती विसंगती कोणती?

अशा वैराचे मोल कोलकात्याने मोजले आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान व ईस्ट बंगाल या तेथील दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी जुंपली आणि चेंगराचेंगरीत १६ जण प्राणास मुकले. पुढे ३ सप्टेंबर २०२३ रोजी याच संघांत ड्युरँड चषकाचा अंतिम सामना झाला. मोहन बागानने तो १-० असा जिंकला. चुरस तिळमात्र उणावली नव्हती. तथापि ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण स्त्री डॉक्टरच्या हत्येचा निषेध करण्यास दोन्ही संघांचे पाठीराखे खांद्यास खांदा लावून रस्त्यावर उतरले. चुरस आणि वैर या दोन भिन्न वस्तू आहेत, याहून निराळा पुरावा तो कोणता हवा?

आमच्या धर्माबादच्या व्यापाऱ्यांस हा भेद शिकविण्याचे कारण नाही. मिरचीच्या लिलावात एकमेकांवर चढती बोली बोलणारे अडते सौदा तुटल्यावर एकत्र चहा घेतात. मात्र सामन्यांस वर्गणी देताना व चषक ठेवताना हेच व्यवहारज्ञान ते विसरतात, हे आम्हांस नमूद करणे भाग आहे. ज्याचा पैसा, त्याने अटीही घालाव्यात : संघात घेताना जात व गल्ली पाहू नये, पंचाचा निर्णय अखेरचा मानावा, आणि ज्या संघाचे पाठीराखे दगड उचलतील, त्यास त्या वर्षी चषक मिळू नये. एवढे धैर्य देणगीदारांनी दाखविले, तर हरलेला संघही सन्मानाने घरी जाईल आणि गाव दुभंगणार नाही.