पेटाऱ्यातले नाटक

हा माणूस जन्माला आला जेफ्री ब्रॅग म्हणून आणि रंगमंचावर उभा राहिला जेफ्री केंडल म्हणून. केंडल हे त्याचे उत्तर इंग्लंडमधले गाव. आपल्याकडे त्याला केंडलकर म्हटले असते आणि कोणाला नवल वाटले नसते. १९०९ साली जन्मलेला हा नट दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी हिंदुस्थानात आला. १९४७ साली त्याचे देशबांधव बोचकी बांधून निघाले, तेव्हा हा मात्र पत्नी लॉरा आणि मुलींना घेऊन परत इकडेच आला. ‘शेक्सपिअराना’ नावाची मंडळी त्याने काढली आणि रेल्वेत पेटारे चढवून देशभर प्रयोग करत हिंडला. कधी संस्थानिकाच्या वाड्यात, बहुतेकदा शाळेच्या सभागृहात. माणसे मोजकी, म्हणून एकेकाने दोन-तीन भूमिका करायच्या. धाकटी फेलिसिटी तर रांगत्या वयातच रंगमंचावर आली. उत्पल दत्त या मंडळीत घडले. शशी कपूर नट म्हणून आले आणि थोरल्या जेनिफरशी लग्न करून जावई झाले.

१९६५ साली जेम्स आयव्हरी यांनी या भटकंतीवर ‘शेक्सपिअरवाला’ हा चित्रपट काढला. केंडल कुटुंबानेच त्यात कामे केली. सिनेमाच्या लाटेत नाटकमंडळी कशी बुडत जाते, हे त्यात फार हळवेपणाने दाखवले आहे. खुद्द केंडल यांना ते रडगाणे फारसे रुचले नव्हते. आम्हालाही त्यांचीच बाजू पटते. वर्षानुवर्षे शाळकरी पोरांना मॅकबेथ आणि शायलॉक दाखवणारा माणूस हरला, असे कोणत्या हिशेबाने म्हणायचे? पुढे ‘३६ चौरंगी लेन’ या चित्रपटात जेनिफरच्या थकलेल्या भावाची भूमिका बापाने केली, तीही पाहण्यासारखी आहे. जेनिफर आणि शशी कपूर यांनी १९७८ साली जुहूला पृथ्वी थिएटर उभे केले. तिथला पहिला प्रयोग गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या नाटकाचा, हिंदीतून. शेक्सपिअरच्या पेटाऱ्यांच्या वारसांनी दार उघडले ते मराठी नाटककाराला, याचा अभिमान आपण फारसा मिरवत नाही, हेही एक आश्चर्यच.

हे सारे महाडकडे बसून आठवायचे कारण इथले तळीये गाव. २२ जुलै २०२१ रोजी डोंगर खाली आला आणि कोंढाळकरवाडीतली ८०हून अधिक माणसे गेली. मागाहून पुनर्वसन आले, म्हाडाची घरे आली. घर आधी, पाणी आधी, रस्ता आधी. त्याबद्दल वाद नाही. तळीयेला शेक्सपिअर हवाय कुणाला, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्तच आहे. पण विस्कटलेली माणसे नव्या जागी पुन्हा वाडी म्हणून एकत्र बसायला काही निमित्त लागते की नाही? आजवर ते निमित्त देवळाच्या अंगणात मिळे: भजन, शक्ती-तुऱ्याचा सामना, शिमग्या-गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी बसवलेले नाटक. हे चाकरमानी गिरणगावात तालमी करणारे. परळचे १९२२ सालचे दामोदर नाट्यगृह हा कोकणातल्या अशा मंडळांचा हक्काचा आसरा. पुनर्विकासासाठी २०२३ च्या नोव्हेंबरात तेही बंद झाले. म्हणजे इकडे अंगण गेले आणि तिकडे रंगमंच.

महाडला नाटकाचे वावडे होते असेही नाही. १९२७ च्या मार्चमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली ती इथल्या वीरेश्वर थिएटरात, आणि तिथूनच माणसे चवदार तळ्याकडे चालत गेली. शंभरेक वर्षांपूर्वी नाटकाच्या मांडवाची या गावाला एवढी सवय होती! आज व्यावसायिक नाटकाचा दौरा म्हणजे बहुतेकदा मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक. मुंबईहून निघालेली नाटकाची बस चिपळूण-रत्नागिरीला जाताना महाड आणि पोलादपूर दोन्ही ओलांडते. थांबली तर चहापुरती.

यावर आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे इमारत. भूमिपूजन होते, कोनशिला बसते, वातानुकूलन नादुरुस्त होते आणि मग सभागृह लग्नांना मिळू लागते. केंडलनी एकही इमारत मागितली नाही. ज्या गावी जे छप्पर मिळेल त्याखाली पडदा टांगला. सरकार व्यावसायिक नाटकांना प्रयोगामागे अनुदान देते. त्यातले काही प्रयोग बिरवाडी, वरंध, पोलादपूर, तळीये अशा ठिकाणी, शाळेच्या पटांगणात, कमी नेपथ्यात करायचे, एवढी अट घालून पाहा. पावसाळा सोडून, अर्थातच. जुलैत या डोंगराखाली कोणाला जमवू नये. रात्रीच्या प्रयोगाला वाडीवाडीतून माणसे यायची तर परतीच्या एसटीचीही सोय बघावी लागेल, नाहीतर पहिल्या रांगेत पुढारी आणि मागे मोकळे पटांगण.

नाट्यगृह बांधायला ठेकेदार केव्हाही मिळतो. दोन पेटारे टेम्पोत टाकून वरंधला यायला कोण नट तयार आहे, ते नाट्यनिर्मात्यांच्या संघाने एकदा जाहीर करावे. पटांगण झाडून ठेवायची जबाबदारी महाडकरांकडे.